तबकडीच्या शेवटचे नाव

जुन्या तबकड्या जमवणाऱ्या एखाद्या शौकिनाच्या घरी कधी गेलात, तर त्याला गौहरजानची तबकडी लावायला सांगा. सुई टेकली की आधी तापल्या तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज येतो. मग दूरवरून, पण अगदी स्वच्छ, असा एक उंच आणि टोकदार गळा कानावर पडतो. आलापाला सवड नाही, समेवर रेंगाळायला वेळ नाही. जेमतेम तीन मिनिटांत सारा पसारा मांडून आवरला जातो. आणि अगदी शेवटी, सारंगीचा सूर अजून पुरता विरलेला नसताना, ती बाई ठसक्यात इंग्रजीमध्ये आपले नाव सांगते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हसू येते. दुसऱ्यांदा ऐकताना येत नाही.

बँकेत अधिकारी म्हणून आयुष्याची उमेदीची वर्षे काढल्यामुळे माझे लक्ष माणसाच्या नावाकडे आणि सहीकडे जरा जास्त जाते. हे नाव तिने का सांगितले, याचे कारण तसे साधे आहे. ध्वनिमुद्रण कलकत्त्यात होई आणि तबकड्या छापल्या जात जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात. तिथल्या कामगारांना कुठला गळा कुणाचा हे कळायचे कसे? म्हणून गाणाऱ्याने शेवटी नाव सांगायचे, म्हणजे लेबल चुकायचे नाही. कारखान्याच्या सोयीसाठी केलेली ही व्यवस्था. पण या बाईचे आयुष्य वाचल्यावर मला वाटू लागले, की हे नाव सांगण्याची गरज कारखान्यापेक्षा तिलाच अधिक होती.

आज सर्वाधिक खपलेला अल्बम कोणता, असे विचारले तर मायकल जॅक्सनच्या १९८२ सालच्या ‘थ्रिलर’चे नाव शाळकरी पोरही सांगेल. अल्बम या शब्दाचा उगम मात्र कमी जणांना माहीत असतो. एका तबकडीत तीन-चार मिनिटांपेक्षा जास्त संगीत मावत नसे, तेव्हा एखादी मोठी रचना ऐकवायची तर अनेक तबकड्या लागत. त्या जाड कागदाच्या पाकिटांत घालून, छायाचित्रांच्या अल्बमसारख्या बांधून विकत. १९०९ साली ओडियन कंपनीने चायकोव्हस्कीची एक रचना अशी चार तबकड्यांत विकली. पुढे १९४८ मध्ये लाँग प्लेइंग तबकडी आली. वही गेली, शब्द राहिला. मग कॅसेट आली, सीडी आली, दोन्ही मागे पडल्या. पण खपाच्या या साऱ्या गोष्टीची हिंदुस्थानातली सुरुवात शोधत गेले की आपण कलकत्त्याच्या चितपूर रोडवर येऊन पोहोचतो.

एंजेलिनाची गौहर

२६ जून १८७३ रोजी आझमगढमध्ये एका ख्रिस्ती घरात मुलगी जन्मली. नाव ठेवले एंजेलिना. बाप रॉबर्ट विल्यम योवर्ड हा आर्मेनियन वंशाचा. आई व्हिक्टोरिया हेमिंग्ज. तिचा बाप इंग्रज आणि आई हिंदू, रुक्मणी नावाची. म्हणजे या पोरीच्या रक्तात जन्मतःच तीन प्रवाह मिळाले होते. संसार मात्र टिकला नाही. १८७९ च्या सुमारास आईबापांची फारकत झाली आणि व्हिक्टोरिया लहान मुलीला घेऊन उघड्यावर आली.

व्हिक्टोरियाला गाण्याची आणि शायरीची जाण होती. खुर्शीद नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने आधार दिला. त्याच्यासोबत मायलेकी १८८१ मध्ये बनारसला गेल्या. तिथे त्यांनी इस्लाम स्वीकारला. व्हिक्टोरियाची मलकाजान झाली आणि एंजेलिनाची गौहरजान. मलकाजान नावाच्या आणखीही गायिका त्या काळी होत्या. त्यांच्यात ही वयाने थोरली, म्हणून लोक हिला बडी मलकाजान म्हणू लागले. एका परित्यक्तेने अशा दिवसांत, अशा गावात, स्वतःच्या गळ्याच्या आणि लेखणीच्या बळावर आपले नाव उभे केले. १८८६ मध्ये तिच्या उर्दू कवितांचा संग्रहही छापून निघाला. गौहरच्या कर्तृत्वाची गोष्ट सांगताना या आईला मागे ठेवून चालत नाही.

१८८३ मध्ये दोघी कलकत्त्याला आल्या. अवधचे राज्य गमावलेला नवाब वाजिद अली शाह तेव्हा कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्जमध्ये आपले छोटे लखनौ वसवून राहिला होता. गवई, नर्तक, शायर, पतंगबाज, खानसामे, सगळे त्याच्या मागोमाग आले होते. मलकाजानला त्या दरबारात जागा मिळाली आणि थोड्याच वर्षांत तिने चितपूर रोडवर स्वतःची हवेली घेतली.

मुलीच्या शिक्षणात आईने हातचे काही राखले नाही. पतियाळ्याचे काले खाँ, रामपूरचे वझीर खाँ यांच्याकडून गाण्याची तालीम मिळाली, कथकाचे धडे थेट लखनौच्या बिंदादीन महाराजांकडून. धृपद श्रीजानबाईंकडून आणि बंगाली कीर्तन चरणदासांकडून. १८८७ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, दरभंग्याच्या दरबारात तिचे पहिले जाहीर गाणे झाले. १८९६ पासून ती कलकत्त्यात गाऊ लागली आणि शतक सरेपर्यंत त्या शहरातल्या श्रीमंतांच्या मैफली तिच्यावाचून अपुऱ्या वाटू लागल्या.

कर्ण्यापुढची तीन मिनिटे

१९०२ च्या हिवाळ्यात फ्रेड गायस्बर्ग नावाचा एक अमेरिकन तरुण बोटीतून कलकत्त्याला उतरला. लंडनच्या ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीचा हा माणूस. पूर्वेकडच्या देशांत ग्रामोफोन विकायचे तर तिथल्याच लोकांचे गाणे तबकडीत भरायला हवे, हे कंपनीला उमगले होते. नाटक कंपनीतल्या दोन पोरसवदा नटींपासून त्याने सुरुवात केली. काही दिवसांनी, ११ नोव्हेंबर १९०२ रोजी, गौहरजान आली. आली ती लवाजमा घेऊन, दागिन्यांनी मढून. दर वेळी नवा पोशाख आणि नवे दागिने पाहून आपण थक्क होत असू, अशी आठवण गायस्बर्गने पुढे लिहून ठेवली आहे. तिने एका बैठकीचे तीन हजार रुपये मागितले, असे सांगतात. सोने तोळ्याला पंचवीस रुपयांच्या आसपास होते तेव्हाची ही गोष्ट.

त्या काळी मायक्रोफोन नव्हता; तो आला १९२५ मध्ये. भिंतीतून बाहेर आलेल्या कर्ण्यात तोंड घालून मोठ्या आवाजात गायचे. त्या हवेच्या धक्क्याने सुई हले आणि फिरत्या मेणाच्या थाळीवर नक्षी कोरली जाई. मान जरा वळली तर सूर नाहीसा. टिपेचा स्वर फार जवळून लागला तर मेणावर ओरखडा. गाणे चुकले तर ती थाळी वाया. हातवारे करून, श्रोत्यांच्या डोळ्यांत बघून गाणाऱ्या बाईला एका पत्र्याच्या तोंडासमोर स्तब्ध उभे राहायचे होते. आणि खरी कसोटी वेळेची होती. तासभर फुलवायचा राग तीन मिनिटांत सांगायचा म्हणजे पैठणीची घडी आगपेटीत बसवण्यासारखे होते.

गौहरने ही घडी बसवली. बंदिशीचा मुखडा झटकन मांडायचा, दोन-चार ठळक जागा दाखवायच्या, शेवटाकडे लय वाढवून चपळ ताना घ्यायच्या आणि वेळेत समेवर यायचे, हा आराखडा तिच्या तबकड्यांत स्पष्ट दिसतो. पुढे तीस-चाळीस वर्षे, दीर्घ तबकडी येईपर्यंत, आपल्या देशातल्या मोठमोठ्या गवयांनी तबकडीसाठी थोड्याफार फरकाने हाच मार्ग धरला. जाणकार म्हणतील की त्यात रागाचा आत्मा हरवला. थोडा हरवलाही असेल. पण ज्यांना हवेलीची पायरी चढण्याची सोय नव्हती, त्या लाखो माणसांच्या कानावर राग नावाची चीज पहिल्यांदा पडली ती अशीच.

मोठे उस्ताद तेव्हा या यंत्राकडे संशयाने बघत. आवाज यंत्रात गेला की गळा बसतो, अशी समजूत होती. त्याहून खरी भीती ही, की घराण्याची चीज पानपट्टीच्या दुकानात वाजेल आणि कुणीही ऐऱ्यागैऱ्या ती उचलेल. घरंदाज बायकांचा तर प्रश्नच नव्हता. पुढे काहींनी गायले तेव्हा नावापुढे हौशी कलावंत असा खुलासा लेबलवर छापावा लागे. ज्यांच्याकडे समाजाने दिलेली अब्रूच नव्हती, त्या बायकांना ती जाण्याचे भय नव्हते. म्हणून हिंदुस्थानातल्या ध्वनिमुद्रित संगीताचा पाया तवायफांनी घातला. गौहरजान, अलाहाबादची जानकीबाई, आग्र्याची जोहराबाई. ज्यांना लग्नाच्या पंगतीत पाटावर बसवले नसते, त्यांचे गळे लोकांनी पैसे देऊन दिवाणखान्यात आणले.

गौहरने पुढल्या अठरा-वीस वर्षांत सुमारे सहाशे तबकड्या भरल्या. हिंदुस्थानी, बंगाली, गुजराती, फारसी, अगदी इंग्रजीसकट दहाएक भाषांत. तिचे चित्र आगपेट्यांवर आणि पोस्टकार्डांवर झळकू लागले. १९०८ मध्ये कंपनीने कलकत्त्यात सियालदहला स्वतःचा कारखाना काढला. हिंदुस्थानात तबकडीला गिऱ्हाईक आहे, ही खात्री पटल्याशिवाय कुणी कारखाना काढत नाही, आणि ती खात्री पटवणाऱ्यांत हिचा गळा अग्रभागी होता. गंमत अशी, की तबकडीसाठी लागणारी लाख मुळात आपल्याच जंगलांतली. ती झाडावरून निघून सातासमुद्रापार जाई आणि इथल्याच बाईचा आवाज अंगावर कोरून घेऊन माघारी येई.

ठोक रक्कम

इथे मला माझ्या जुन्या धंद्याची आठवण येते. योगायोग पाहा. गायस्बर्ग १८७३ चा, गौहर १८७३ ची आणि तिसरा एक गायकही त्याच सालचा, नेपल्सचा एन्रिको कारुझो. ज्या १९०२ मध्ये गायस्बर्गने कलकत्त्यात गौहरला कर्ण्यापुढे उभे केले, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये त्याने मिलानच्या एका हॉटेलात कारुझोच्या दहा तबकड्या भरल्या होत्या. त्याने सर्व मिळून शंभर पौंड मागितले होते. म्हणजे सुरुवातीला दोघांचाही व्यवहार ठोक रकमेचा. पण कारुझो अमेरिकेला गेला आणि व्हिक्टर कंपनीशी त्याचा जो करार झाला, त्यात दर तबकडीमागे त्याचा वाटा होता. त्याचे एक गाणे दहा लाखांचा पल्ला गाठणारी जगातली पहिली तबकडी मानले जाते. १९२१ मध्ये तो वारला, तेव्हा तबकड्यांनी त्याला लाखो डॉलर मिळवून दिले होते आणि मागे राहिलेल्यांनाही ते मिळत राहिले.

आपल्याकडच्या कलावंतांना त्या दिवसांत बहुधा ठोक रक्कम मिळे. पैसे मोजून घ्यायचे, बिदागी म्हणून कमरेला लावायचे. कंपनीने मग तबकड्या शंभर विकल्या काय किंवा लाख विकल्या काय, गाणाऱ्याचा संबंध संपला. रोकड हातात पडली की माणसाला आपण श्रीमंत झालो असे वाटते. येत राहणारे उत्पन्न आणि एकदाच आलेला पैसा यांतला फरक समजावून सांगण्यात माझी तीस वर्षे गेली. अजून तो सगळ्यांना पटला आहे, असे म्हणवत नाही.

गौहरने खर्चही तसाच केला. मांजरीला पिले झाली म्हणून दिलेल्या मेजवानीवर वीस हजार रुपये उडवल्याची गोष्ट गायस्बर्गनेच नोंदवली आहे. चार घोड्यांच्या बग्गीतून फिरण्याचा मान बड्या साहेबांचा. ही बाई तशी फिरे आणि दंड भरून पुन्हा फिरे, अशी आख्यायिका आहे. नुसती उधळपट्टी म्हणून या गोष्टी सोडून देता येतील. पण ज्या समाजाने आपल्याला दाराबाहेर ठेवले, त्याच्या रस्त्यावरून चार घोडे दौडवण्यात काय सुख असेल, हेही समजून घ्यावे.

१९११ मध्ये दिल्लीला पंचम जॉर्जचा दरबार भरला, तेव्हा राज्यारोहणाचे मुबारकगीत गायला गौहर आणि जानकीबाई या दोघींना बोलावणे आले. पुढे गांधीजींच्या स्वराज्य फंडाची एक कथा सांगतात. गांधीजींनी निधीसाठी गाण्याची विनंती केली. तिने होकार दिला, पण स्वतः ऐकायला येण्याची अट घातली. गांधीजींना जमले नाही. मैफलीत जमलेल्या चोवीस हजारांपैकी बारा हजारच तिने, वसुलीसाठी आलेल्या मौलाना शौकत अलींच्या हवाली केले. अर्धी अट मोडली म्हणून अर्धी रक्कम कापली. कथा खरी असो वा रचलेली, स्वभाव तिचाच आहे. हिशेब तिला कळत होता. कळला नाही तो माणसांचा.

वारस कोण?

तिच्या आयुष्यातला सुखाचा काळ मुंबईशी जोडलेला आहे. पारशी रंगभूमीवरचा नामवंत गुजराती नट, लेखक आणि दिग्दर्शक अमृत केशव नायक याच्याशी तिचे सूर जुळले. शेक्सपिअरची नाटके हिंदुस्थानी वेषात उभी करणारा हा बुद्धिमान माणूस, गाण्यातलाही जाणकार. बरोबरीच्या नात्याने वागणारा असा पुरुष तिला दुसरा मिळाला नाही. पण १९०६ मध्ये आई गेली आणि १९०७ मध्ये अमृतलाल, वयाची तिशी जेमतेम ओलांडलेली असताना. वर्षभरात दोन्ही खांब कोसळले.

मग आला कोर्टाचा फेरा. मलकाजानने घरातल्या मोलकरणीचा भगलू नावाचा मुलगा आपल्या मुलासारखा वाढवला होता. मलकाजानच्या पश्चात त्याने दावा लावला, की खरा मुलगा मी आहे, मालमत्ता माझी. गौहर तिची औरस मुलगीच नव्हे. क्षणभर विचार करा. जिचे नाव आणि चित्र गावोगावच्या आगपेट्यांवर होते, ऐकणारे जिला नुसत्या आवाजावरून ओळखत, त्या बाईला आपण आपल्या आईची मुलगी आहोत हे न्यायाधीशासमोर सिद्ध करायचे होते. गौहरजान हे नाव तिथे उपयोगाचे नव्हते. तिथे हवी होती एंजेलिना योवर्ड, जिला ती लहानपणीच मागे सोडून आली होती. अलाहाबादच्या चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद लागली. इतक्या वर्षांत ज्याने तोंड दाखवले नव्हते, त्या बापाला शोधून काढावे लागले. त्यानेही साक्षीसाठी आधी पैसे मागितले. शेवटी मात्र त्याने कोर्टात खरे सांगितले आणि निकाल गौहरच्या बाजूने लागला. खटला जिंकली, पण खटला जिंकणारालाही खर्च चुकत नाही.

याच दिवसांत तिचा कारभार बघणारा सय्यद गुलाम अब्बास, तिच्याहून वयाने लहान, तिचा विश्वासू झाला. तिने त्याच्याशी मुता पद्धतीचा निकाह केला आणि मालमत्तेत त्याला वाटा दिला. तोही दगाबाज निघाला. पुन्हा कोर्ट, पुन्हा वकील, पुन्हा आयुष्याची चिरफाड. घरे गेली, दागिने गेले. आपल्याकडे बालगंधर्वांच्या कर्जाची कहाणी घरोघर ठाऊक आहे. हीदेखील तशीच, फरक इतकाच की बालगंधर्वांच्या मागे हळहळणारा महाराष्ट्र होता. गौहरच्या मागे कुणी नव्हते.

कलकत्ता सुटले. दार्जिलिंग, रामपूर, मुंबई असा मुक्काम हलत राहिला. अखेर म्हैसूरचे महाराज कृष्णराज वाडियार यांनी आश्रय दिला आणि १ ऑगस्ट १९२८ पासून ती तिथे दरबारची गायिका म्हणून रुजू झाली. दीड वर्षही झाले नाही तोच, १७ जानेवारी १९३० रोजी, म्हैसूरच्या कृष्णराजेंद्र रुग्णालयात तिचे निधन झाले. वय छप्पन्न. म्हैसूरच्या राजघराण्याचा इतिहास धुंडाळताना विक्रम संपत या तरुण अभ्यासकाला तिचे कागद सापडले. त्यांवरून त्यांनी लिहिलेले चरित्र २०१० मध्ये आले, तेव्हा कुठे तिची हकीकत सलगपणे लोकांपुढे आली.

१९८० च्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. ठेवीवर वारसाचे नाव नोंदवण्याची सोय बँकांत नुकतीच सुरू झाली होती. मी एका तालुक्याच्या शाखेत होतो. तमाशात गाऊन म्हातारी झालेली एक बाई पिशवीत नोटा घेऊन ठेव ठेवायला आली. सारा तालुका तिला ज्या नावाने ओळखत होता, ते तिच्या एकाही कागदावर नव्हते. कागदावरचे नाव उच्चारून तिला कुणी हाक मारली असेल, तर ती तिच्या आईने. नियमाप्रमाणे आम्ही कागदावरचे नाव लिहिले. तिचा चेहरा उतरला, तेव्हा मी पुढे उर्फ लिहून गाण्यातले नावही घातले. वारसाचा रकाना आला. तिने बराच वेळ विचार केला आणि तो कोरा ठेवायला सांगितला. तरुण वयात तिने एक तबकडीही भरली होती. ठोक पैसे मिळाले होते. किती, ते तिला आठवत नव्हते. तबकडीही तिच्याजवळ नव्हती.

त्या कोऱ्या रकान्याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता. गौहरचे आयुष्य वाचताना थोडासा कळला. जन्माचे नाव आईने बदलले, हवेली कोर्टाने खाल्ली, प्रेम मृत्यूने नेले आणि विश्वास माणसांनी. तिच्या मुलीपणावर वाद झाला, लग्नावर वाद झाला, मालमत्तेवर झाला. ज्याच्यावर कुणाला दावा लावता आला नाही अशी एकच गोष्ट राहिली. लाखेच्या त्या काळ्या थाळीच्या शेवटच्या वळणावर, खरखरीतून वाट काढत, ती अजून आपले नाव सांगते. तिथे उर्फ नाही, साक्षीदार नाही, बापाचा पत्ताही नाही.